मावळतीची मेंढी

मंगलच्या वडलांना लिहायला येत नव्हतं, तरी ते तिला रोज लिहायचे.

फोनपुढं बोललं की फोन आपणच अक्षरं उमटवतो, हे तिनंच त्यांना दाखवलं होतं. नेकनूरच्या वरच्या अंगाला, माळावर त्यांचं घर. पाऊसकाळ सरला की वडील उत्तरेश्वर आणि आई मनकर्णा मेंढरं घेऊन दिंद्रुडकडच्या काळ्या रानांत उतरायचे. तिकडचे शेतकरी लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. रेंज असली तर असली. बोललेला आवाज पाठवला की फोनवर नुसतं चक्र फिरत राहायचं. साधा लिहिलेला मेसेज मात्र कुठूनतरी वाट काढून यायचा. म्हणून मंगलनं त्यांच्या फोनात नेटशिवाय चालणारी मराठी भरून दिली, कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं, आणि बीडला कामावर निघून गेली.

पहिला मेसेज आला तेव्हा ती बसमध्ये उभी होती. वाचून खुदकन हसली. शेजारची बाई वळून बघायला लागली.

'मंगल जेवलीस का आमी जेवलो हर्र हर्र ए काळे तिकडं कुठं चाललीस तुझ्या बापाचं रान हाय का ते मंगल तुला न्हाई म्हणलो काळीला म्हणलो'

बटण दाबून बोलायचं, हे त्यांना कळलं होतं. बोलणं झालं की बटण सोडायचं, हे कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि पटलं नव्हतं. मेंढरांमागं चालणारा माणूस एकाशी बोलायला लागतो आणि बोलणं कुठल्या कुठं जातं. त्यामुळं मेसेजात अख्खी दुपार यायची. ऊन यायचं, कुत्र्याला दिलेली शिवी यायची, बांधावरून जाणाऱ्या कुणाला घातलेला रामराम यायचा. मनकर्णानं लांबून विचारलेलं काहीतरी यायचं आणि त्यावर ह्यांचं 'व्हय व्हय' यायचं. सुरुवात मात्र दर वेळी 'मंगल' अशीच.

आणि दिवस मावळता एक मेसेज यायचा, त्यात शब्द नसायचा. नुसतं मेंढीचं चित्र. एकच.

ते चित्र त्यांचं त्यांनी शोधलं होतं. सगळी मेंढरं वाघरीत आली, असा त्याचा अर्थ. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. किती आली ते उत्तरेश्वर कधी सांगायचे नाहीत. मेंढरं मोजायची नसतात. मोजली की कमी होतात, असं त्यांच्यात मानतात. धनगर कळपाकडं नुसतं बघतो. कोण नाही ते त्याला दिसतं. किती नाहीत, हा प्रश्नच त्याला पडत नाही.

"एवढंच मला लिहाया येतं," एकदा फोनवर बोलताना ते म्हणाले होते. "बाकीचं त्यो फोन लिहितो. मेंढी माझी हाय."

मंगल त्या घरातली शाळेत टिकलेली पहिली मुलगी. लहानपणी तीही हिंडली होती, थकलेलं कोकरू खांद्यावर घेऊन. मग नेकनूरला मावशीकडं राहिली, तिथं शाळा केली, बीडला कॉलेज केलं. आईबाप वर्षातला अर्धा काळ तिला दिसायचेच नाहीत. वर्गातल्या मुली घरी जायच्या तेव्हा तिला आपलं घर आज कोणत्या शिवारात आहे ते आधी विचारावं लागायचं. ते रोजचे मेसेज यायला लागल्यावर पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्यालाही कुणी रोज विचारणारं आहे.

मागच्या हिवाळ्यात उत्तरेश्वर गेले. दुपारी बाभळीखाली आडवे झाले ते उठलेच नाहीत. मंगल ऑफिसात होती. चुलते म्हाळू ह्यांचा फोन आला. ऐकत ऐकत ती जिना उतरली, रस्त्यावर आली आणि हातातला फोन सुटून जीपखाली गेला.

सगळे मेसेज त्यात होते. वडलांच्या फोनात जागा कमी, तिथं जुनं काही टिकायचं नाही.

फोन तिनं रुमालात गुंडाळून पेटीत ठेवला. बरीचशी मेंढरं म्हाळूंनी सांभाळायला नेली. थोडी मनकर्णानं ठेवली, त्यांत काळी होती. आता मनकर्णा कुठं उतरून जात नव्हती. घराजवळच्या माळावर मेंढरं हिंडवायची आणि मंगल सुट्टीला आली की दारात बसून म्हणायची, "सांग की गं, त्यो काळीला काय म्हणायचा."

मंगल पाठ असलेलं सांगायची. मनकर्णा हसायची. पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच विचारायची.

मग पाठ असलेलं संपलं.

उन्हाळ्यात तिनं तो फोन नेकनूरला सुग्रीवच्या दुकानात नेला. सुग्रीव मोबाईल दुरुस्त करायचा. त्यानं रुमाल उघडला आणि परत झाकला.

"ताई, हे काय दुरुस्त व्हायचं न्हाई आता. कावून जपलंत इतके दिवस?"

"चालू नको करूस. आतले मेसेज निघतात का बघ."

पुढच्या सुट्टीला त्यानं तिच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. "फोटो गेले. एक फाईल निघाली. पण उघडून बघितली तर सगळा कचरा हाय. उडवू का?"

"दाखव आधी."

त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि उलट्या तिरक्या रेघा. ओळींमागून ओळी. मंगल वाकली. एका ओळीची सुरुवात तिनं पुन्हा पुन्हा वाचली.

\u092e\u0902\u0917\u0932

तो कचरा नव्हता. ते तिचं नाव होतं.

"फोनचा सांगाडा ठेवू का ताई?"

"मोडीत टाक," ती म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं.

मंगलला ते वाचता आलं, कारण तिचं कामच ते होतं. शेतकऱ्यांना पिकांचा सल्ला पाठवणारी बीडमधली एक छोटी कंपनी. ठिकठिकाणाहून आलेला मजकूर साफ करून पुढं द्यायचा. काळा पडदा, त्यावर एका ओळीची आज्ञा लिहायची, एंटर मारायचं, आणि हजार ओळी एकदम बदलायच्या. हे सगळं तिला भागवतनं शिकवलं. भागवत परळीचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला बॅकस्लॅश दाखवला होता.

"ही उलटी रेघ दिसली की थांबायचं. तिच्या मागचं अक्षर जसं दिसतं तसं नसतं. एन म्हणजे एन नाही, तिथं नवी ओळ सुरू करायची. यू म्हणजे यू नाही, पुढच्या चार खुणा मिळून एक मराठी अक्षर."

"म्हणजे शेळी," मंगल म्हणाली होती.

"काय?"

"मेंढरांच्या म्होरं एखादी शेळी ठेवतात. मेंढी आपल्या मनानं वाट धरत नाही. शेळी जाईल तिकडं जाते. शेळी काढून घेतली तर जागच्या जागी उभी."

"तुमच्यात सगळं मेंढरापाशीच येऊन थांबतं का?"

"तुमच्यात राखेपाशी थांबतं तसं."

भागवत हसला होता. परळीत वीजकेंद्राची राख गावभर उडते. तिच्यावरून कुणी बोललं की परळीचा माणूस शर्ट झटकतो. त्यानंही झटकला होता.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. पेनड्राइव्ह लावला. फाईल उघडली. मग जे झालं ते तिच्या बोटांनी केलं. रोज सकाळी आलेल्या मजकुरावर ती पहिल्यांदा एकच आज्ञा चालवायची. त्या मजकुरात अवतरणचिन्हांच्या पुढं नको तिथं उलट्या रेघा शिरलेल्या असायच्या, त्या सगळ्या पुसायच्या आणि त्याच फाईलवर परत लिहायचं. हाताला ती आज्ञा इतकी सवयीची होती की डोकं मागून आलं. एंटर दाबलं गेलं होतं.

u092eu0902u0917u0932

रेघा गेल्या होत्या. एकही उरली नव्हती. शेळ्या काढून नेल्या होत्या आणि कळप उघड्या रानात उभा होता.

प्रत काढलेली नव्हती. तिनं सुग्रीवला फोन लावला.

"ताई, तुमीच म्हणलात मोडीत टाक. भंगारवाला घेऊन गेला की."

"तुझ्या कॉम्प्युटरवर असेल."

"न्हाई ओ. थेट पेनड्राइव्हवरच काढली व्हती."

भागवत आला तेव्हा ती खुर्चीत तशीच बसली होती. तिनं पडदा दाखवला, काय झालं ते सांगितलं. त्यानं खुर्ची ओढली.

"आधी ह्याच्या दोन प्रती काढ," तो म्हणाला. "मग एका प्रतीला हात लाव."

काम सोपं दिसत होतं. जिथं जिथं यू आणि त्याच्या मागं चार खुणा असतील, तिथं पुढं उलटी रेघ परत लावायची. पण रेघ लावायची म्हणजे आज्ञेत रेघ लिहावी लागणार, आणि आज्ञेत लिहिलेली रेघ स्वतः कधी उमटत नाही, ती मागच्याला धरून निघून जाते. मंगलनं दोन लिहिल्या आणि त्यांच्या मागं 'सापडलं ते जसंच्या तसं' असं सांगणारी & ही खूण. एंटर मारलं.

&&&&&&&&&&

सगळी अक्षरं गेली. ओळीच्या ओळी त्या एकाच खुणेनं भरल्या.

"प्रत हाय," भागवत म्हणाला. "श्वास घे. वाटेत दोन लांडगे बसलेत. एक ह्या काळ्या पडद्यापाशी, एक पुढं प्रोग्रामपाशी. दोघंही जोडीतली एक एक खातात."

"मग चार पाठवायला पाहिजेत."

"पाठव."

तिनं चार पाठवल्या. एक पोचली. प्रत्येक यूच्या पुढं एक रेघ जाऊन उभी राहिली. सुट्ट्या पडलेल्या एनच्या पुढंही तशीच लावली, तेव्हा ओळी तुटून आपापल्या जागी आल्या. मग तिनं यू आणि चार खुणांची मराठी करणारी आज्ञा लिहिली. जे समजणार नाही ते गुपचूप टाकून दे, असंही त्यात घातलं, म्हणजे मजकूर स्वच्छ येईल.

'मंगल जेवलीस का आमी जेवलो हर्र हर्र ए काळे'

भागवतनं पाण्याचा ग्लास तिच्यापुढं ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

शनिवारी लॅपटॉप घेऊन ती घरी गेली. मनकर्णा मेंढरं चारून आली होती. मंगल दारात बसून वाचायला लागली. कुत्र्याची शिवी वाचली, रामराम वाचला, आईनं लांबून विचारलेलं आणि 'व्हय व्हय' वाचलं. मनकर्णा ऐकत होती. शेजारच्या घरचं काही ऐकावं तशी ऐकत होती. मग तिनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती पडदाभर डोळे फिरवत राहिली.

"ह्यात त्यो न्हाई," ती म्हणाली.

"आई, सगळं आबांचंच आहे. त्यांच्या तोंडचं."

"तुझ्या तोंडचं हाय. तू वाचायलीस, मी ऐकायले." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "माझ्या वळखीचं हितं काय हाय? मेंढी कुठं हाय?"

मंगलनं पाहिलं. दिवसांमागून दिवस होते. दर दिवसाच्या शेवटी जिथं संध्याकाळ यायला हवी, तिथं रिकामी ओळ होती. आठवडाभर ती फाईल तिनं कितीदा वाचली होती. तिला एकदाही दिसलं नव्हतं.

"रोज मावळतीला त्यो मला विचारायचा," मनकर्णा म्हणाली. "आल्या का सगळ्या? मी बघायची, आल्या म्हणायची. मग फोन माझ्या म्होरं धरायचा आन दाबायचा. माझं एवढंच व्हतं त्यात. तेवढंच तू गाळलंस."

"मी गाळलं नाही, आई."

"मग मिशिनीनं खाल्ली आसल."

रविवारी सकाळी मनकर्णा मेंढरं घेऊन गेली आणि मंगल उंबऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसली. पहिली फाईल उघडून त्या रिकाम्या ओळींच्या जागी काय आहे ते तिनं पाहिलं. प्रत्येक संध्याकाळी तेच होतं. ud83dudc11. तिनं भागवतला फोन लावला.

"मेंढी चार खुणांत मावत नसती," भागवत म्हणाला. "मराठीचं अक्षर मावतं. चित्र मोठं असतं. त्याचे दोन तुकडे करून पाठवतात. एकट्या तुकड्याला काही अर्थ नाही. तू एक एक उचललास, म्हणून दोन्ही वाया गेले. आणि वर म्हणालीस, समजत नाही ते टाकून दे."

"जोडीनंच उचलायचं."

"जोडी आधी. सुटी अक्षरं मागून. आणि मंगल..."

"काय?"

"आधी प्रत काढ, मग कर."

तिनं आज्ञा नव्यानं लिहिली. आधी जोड्या, मग बाकीचं. टाकून दे म्हणणारा भाग पुसला. एंटर मारलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा रिकाम्या ओळी भरल्या होत्या. दर दिवसाच्या शेवटी एक मेंढी उभी होती. पांढरी, गुबगुबीत, उत्तरेश्वरांच्या कुठल्याच मेंढीसारखी न दिसणारी.

दिवस कलल्यावर मनकर्णा आली. मेंढरं वाघरीत घातली, पदराला हात पुसले आणि येऊन बसली. मंगलनं लॅपटॉप तिच्यापुढं केला.

मनकर्णा बघत राहिली. कळपाकडं बघावं तसं. मग म्हणाली, "आता वाच."

मंगलनं पहिली दुपार वाचली. मनकर्णा मध्येच म्हणाली, "हे पाटाच्या कडंचं रान. ह्या दिशी काळीनं वाघर तोडलती." मंगलनं पुढं वाचलं. संध्याकाळ आली तेव्हा मनकर्णानं मेंढीवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "आल्या." दुसरी दुपार. "हितं तुझ्या बापाला काटा मोडलता. किती बोंबलला." अंगठा. "आल्या." तिसरीला ती हसली आणि कशाला हसली ते सांगितलं नाही. अंगठा ठेवला. मंगल वाचायची आणि मनकर्णा संध्याकाळ करायची. एकही संध्याकाळ तिनं मंगलला करू दिली नाही.

असं करत दोघी शेवटच्या दिवसापाशी आल्या.

'मंगल आज ऊन चटकायलंय बाभळीखाली बसलो जरा ए काळे पाणी पिलीस का मंगल तू पिलीस का'

हा तिनं त्याच दुपारी वाचला होता. उत्तर द्यायचं राहिलं होतं.

मनकर्णाचा अंगठा खाली सरकला आणि थांबला. खाली काही नव्हतं.

"हितली?"

"ही नाही आई."

"बघ नीट. काल बी गाळलं न्हाई म्हणलीस."

मंगलनं पहिली फाईल पुन्हा उघडली, शेवटपर्यंत गेली. 'तू पिलीस का' नंतर फाईल संपत होती. तुकडासुद्धा नव्हता.

"नाही. त्या दिवशी त्यांनी पाठवलीच नाही. मावळायच्या आत..."

"ते मला म्हाईत हाय."

मनकर्णा वाघरीकडं बघत होती. काळी जाळीला नाक लावून उभी होती.

"लोक जमले व्हते," ती म्हणाली. "म्हाळूभावजी जीप आणाया गेलते. मेंढरं रानभर तशीच उभी. कुणाचं ध्यान न्हाई. मी उठले. बाया म्हणल्या, बस बाई, कुठं चाललीस. बसले न्हाई. वाघर लावली. मेंढरं आत घातली. बघितलं. सगळ्या व्हत्या. काळी तेवढी बाभळीखाली त्येच्यापाशी उभी व्हती, तिला कानाला धरून आणली. मग जाऊन त्येच्या कानात सांगितलं, आल्या म्हणून." तिनं अंगठा पडद्यावरून काढला. "दाबायला कोण व्हतं?"

हे मंगलला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कधी विचारलंही नव्हतं. तिच्या मनात त्या दिवसाला संध्याकाळच नव्हती. जीप होती, रस्ता होता, आणि मग माणसं.

"घाल तितं एक," मनकर्णा म्हणाली.

मंगलचे हात मांडीवर होते. आलेल्या मजकुरात आपलं काही घालायचं नाही, हे ती रोज पाळायची. साफ करायचं, जोडायचं, घालायचं नाही. आणि हा तर आबांचा मजकूर. त्यात एक मेंढी कमी होती, तर कमी होती.

पण मेंढी आबांच्या शब्दावर कधी गेलीच नव्हती. ते विचारायचे. बघायची आई. आल्या म्हणायची आई.

"आल्या होत्या ना सगळ्या?" मंगलनं विचारलं.

मनकर्णानं तिच्याकडं पाहिलं. हा प्रश्न तिला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी विचारला होता.

"आल्या," ती म्हणाली.

मंगलनं शेवटच्या ओळीखाली जाऊन उलटी रेघ ओढली. मग यू, डी, आठ, तीन, डी. मग पुन्हा उलटी रेघ. यू, डी, सी, एक, एक. मग आज्ञा तयार ठेवली. मनकर्णा त्या खुणांकडं बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि ती डोळे हलवत नव्हती.

"झाली?"

"झाली. आता एंटर दाबलं की दिसेल."

"थांब," मनकर्णा म्हणाली. पदरानं अंगठा पुसला. "कोणतं?"

मंगलनं बटण दाखवलं.